‘माहेर’ : वढू बुद्रुक येथील आश्रयगृह आणि त्यामागचे स्वयंसेवक

सातपूर परिसरातून आमच्याकडे वरचेवर एक विचारणा होत असते. रात्री-अपरात्री एखादी विवाहिता मुलांना घेऊन घराबाहेर पडली, तर तिला नेमके कोठे पाठवावे? औद्योगिक वसाहतीभोवतीच्या अशोकनगर, श्रमिकनगर, सातपूर कॉलनी यांसारख्या वस्त्यांत भाड्याच्या खोलीत राहणारी अनेक कुटुंबे बाहेरगावची आहेत. कोणी संगमनेर-श्रीरामपूरकडचे, कोणी खानदेशातले, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले. स्त्रीचे माहेर दूर असते. भिंतीपलीकडचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू येतो, पण ‘नवरा-बायकोचे भांडण, आपण मध्ये पडू नये’ असे म्हणून दाराला कडी घातली जाते. सकाळी पाण्याच्या वेळी त्या विषयावर कुजबुज होते आणि तेथेच तो संपतो.

या विचारणेला उत्तर देताना एका संस्थेची माहिती येथे एकत्र देणे आम्हांस अगत्याचे वाटते. ही संस्था आपल्या धर्मप्रांतातील नाही, ती पुणे जिल्ह्यात आहे. तथापि १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्वतंत्र होईपर्यंत आपणही पुणे धर्मप्रांताचेच घटक होतो. संस्थेचे नाव ‘माहेर’.

‘उद्या ये’

‘माहेर’च्या संस्थापिका सिस्टर लुसी कुरियन मूळच्या केरळच्या. वयाच्या बाराव्या वर्षी त्या शिक्षणासाठी मुंबईस आल्या व पुढे होली क्रॉस धर्मभगिनींच्या संघात दाखल झाल्या. १९८९ पासून त्या पुण्यात स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात काम करू लागल्या. १९९१ साली एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आली. नवरा दुसरी बायको आणण्यासाठी आपला जीव घेईल अशी तिला भीती वाटत होती आणि तिला केवळ निवारा हवा होता. सिस्टरांच्या हाती तेव्हा स्वतःचे घर नव्हते, कोणास ठेवून घेण्याचा अधिकार नव्हता. वरिष्ठांशी बोलून काही व्यवस्था करता येईल अशा विचाराने त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले.

त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. आरडाओरडा ऐकून सिस्टर बाहेर धावल्या, तेव्हा ज्वाळांनी वेढलेली ती स्त्री त्यांना दिसली. त्यांनी तिला रुग्णालयात नेले, पण ती वाचली नाही. तिच्या पोटातले सात महिन्यांचे बाळही गेले.

सिस्टर लुसी यांनी ही हकिगत पुढे देशोदेशी अनेकदा सांगितली आहे आणि त्यातली स्वतःची चूक कधी झाकली नाही. आम्हांस यातील मोठेपणा येथेच दिसतो. ‘उद्या ये’ हे शब्द कठोर माणसाचे नव्हते. नियमाने चालणाऱ्या, वरिष्ठांची परवानगी मागणाऱ्या, सद्हेतू असलेल्या व्यक्तीचे ते शब्द होते. आपण सर्वजण हे शब्द रोज उच्चारतो. कार्यालये ते उच्चारतात, संस्था उच्चारतात, आणि कधीकधी धर्मग्रामाच्या सभाही.

या घटनेनंतर सिस्टर खचून गेल्या. पुण्यातील येशूसंघीय धर्मगुरू व तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक फादर फ्रान्सिस डिसा यांनी त्यांना केवळ दुःख करीत न बसता काही उभे करण्यास प्रवृत्त केले. त्यालाही वर्षे लागली. जागा, पैसा, संघाची अनुमती, गावाची संमती, यांतील एकही गोष्ट सहजी मिळाली नाही. अखेर ऑस्ट्रियातील देणगीदाराच्या साहाय्याने पहिले घर बांधले गेले आणि २ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘माहेर’चे दार उघडले. हा प्रभूच्या समर्पणाचा सण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुरू केलेला समर्पित जीवन दिनही त्याच वर्षी त्याच दिवशी प्रथम साजरा झाला.

वढू बुद्रुक

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. सातपूरहून जाणाऱ्यांनी नाशिक-पुणे महामार्गाने सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर असे चाकणपर्यंत यावे, तेथून शिक्रापूरचा रस्ता धरावा आणि नगर रस्त्यावरून कोरेगाव भीमाजवळ आत वळावे.

अशा गावात एका ख्रिस्ती धर्मभगिनीने स्त्रिया-मुलांसाठी घर काढल्यावर शंका उपस्थित होणे स्वाभाविक होते. धर्मांतराची शंका तर पहिलीच. तिला संस्थेने भाषणांऐवजी रचनेतून उत्तर दिले. विश्वस्त मंडळात निरनिराळ्या धर्मांची माणसे घेण्यात आली. दाखल होणाऱ्या स्त्रीला जात विचारायची नाही, धर्म बदलण्यास सुचवायचे नाही, दिवाळी, ईद, नाताळ सारे सण एकाच अंगणात साजरे करायचे, असा संस्थेचा शिरस्ता आहे.

आमच्या काही वाचकांना येथे प्रश्न पडेल, आणि तो आम्हांस प्रत्यक्ष विचारलाही गेला आहे : मग यात ख्रिस्ती असे काय राहिले? भाजून काढलेल्या, हाकलून दिलेल्या स्त्रीला अगोदर पाणी, अंथरूण आणि दाराला आतून कडी हवी असते. शोमरोनी माणसाने वाटेत पडलेल्या जखमीचा धर्म विचारला नव्हता. शिवाय तो स्वतःच परधर्मी समजला जात होता, हे आपण प्रवचन ऐकताना विसरतो.

‘माहेर’ या नावाचा विचार मराठी वाचकाने थोडा थांबून करावा. सासरी गांजलेली मुलगी माहेरी आली की चार दिवस लाड करून तिला पुन्हा तेथेच पोचवून देण्याची आपली रीत आहे. ‘लोक काय म्हणतील’, ‘धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे’, अशी कारणे असतात. जिथून परत पाठवले जात नाही असे माहेर पुष्कळ मुलींना नसतेच. सिस्टरांनी नाव निवडले ते या उणिवेवर बोट ठेवणारे.

एका घरापासून सुरू झालेल्या या कामाची आज पन्नासहून अधिक घरे आहेत. ती महाराष्ट्राप्रमाणेच केरळ व झारखंडमध्येही आहेत. छळ झालेल्या स्त्रिया, रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया, निराधार मुले आणि वृद्ध यांच्यासाठी वेगवेगळी घरे चालवली जातात. मोठे वसतिगृह न बांधता लहान घरे ठेवायची आणि प्रत्येक घरातल्या मुलांना गृहमाता द्यायच्या, ही पद्धत विशेष म्हणावी लागेल. मुले गावातल्या शाळेत जातात. खेड्यापाड्यांत स्त्रियांचे बचत गटही संस्थेने उभे केले आहेत.

काम करते कोण?

बाहेरून पाहणाऱ्याला संस्थापिकेचे नाव दिसते. घर चालते ते गृहमातांवर. त्यांतील कित्येकजणी कधीकाळी स्वतः मार खाऊन, पोरे कडेवर घेऊन त्याच दारात आल्या होत्या. नव्याने आलेली बाई पहिले दोन दिवस बोलत नाही, ताटावरून उठून जाते, मुलाला क्षणभर खाली ठेवत नाही. हे का, ते त्यांना समजावून सांगावे लागत नाही. कोणतेही समाजकार्य महाविद्यालय हे शिकवू शकत नाही, असे आम्ही म्हटले तर प्राध्यापक मंडळींनी रागावू नये.

दुसरा वर्ग बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांचा. परदेशांतून तरुण विद्यार्थी व निवृत्त मंडळी येऊन राहतात, मुलांना शिकवतात, स्वयंपाकघरात हात लावतात. परत गेल्यावर त्यांतील काहीजण आपापल्या देशात मित्रमंडळे करून निधी जमवतात. तिसरा वर्ग सर्वांत कमी दिसणारा : हिशेब तपासणारे, फुकट सल्ला देणारे वकील, आठवड्यातून ठरल्या वारी येणारे डॉक्टर, जुन्या शिवणयंत्रांची दुरुस्ती करून देणारे कारागीर. सातपूरमध्ये अशा कुशल हातांची वाण नाही. फिटर, वायरमन, वेल्डर निवृत्त होऊन घरी बसलेले आहेत आणि कोणी त्यांना विचारलेले नाही.

येथे एक आमचाच अनुभव सांगतो. एका डिसेंबरात आम्ही काहीजण मुलांच्या एका संस्थेत (नाव सांगण्याचे कारण नाही) केक व खेळणी घेऊन गेलो. आमचा त्या आठवड्यातला चौथा केक होता. मुलांनी शिकवल्याप्रमाणे गाणे म्हटले, आम्ही छायाचित्रे काढली. निघताना तेथील ताईंनी फार संकोचाने विचारले, ‘जूनमध्ये कोणी येऊ शकेल का? शाळा सुरू होतात तेव्हा बूट लागतात, आणि दहावीच्या दोन मुलींना गणित शिकवायला कोणी नाही.’ जूनमध्ये आमच्यापैकी एकच गृहस्थ गेले. ते मात्र वर्षभर जात राहिले. त्या दिवशी काढलेली छायाचित्रे आम्ही नंतर वापरली नाहीत. संरक्षण व काळजीची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ अन्वये मनाई आहे, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असताना ते सर्वांना ठाऊक असावे.

आफ्रिकेतील एक उदाहरण

लहान संस्था स्वयंसेवकांच्या बळावर किती दूर जाऊ शकते, याचे एक उदाहरण आफ्रिकेतील मलावी या देशातले आहे. स्कॉटलंडमधील एक कॅथलिक गृहस्थ मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो २००२ साली दुष्काळात तेथे गेले असता एड्सने मरणपंथाला लागलेल्या एका आईची त्यांची भेट झाली. तिच्याभोवती तिची मुले बसली होती. मोठ्या मुलाला त्यांनी विचारले की तुला काय हवे आहे. पोटभर अन्न आणि शाळेत जायला मिळावे, एवढीच इच्छा त्याने सांगितली. त्यातून ‘मेरीज मील्स’ हा शाळेत एकवेळ जेवण देण्याचा उपक्रम सुमारे २०० मुलांपासून सुरू झाला. आज तो अनेक देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांपर्यंत पोचला आहे.

आम्ही हे उदाहरण संख्येसाठी देत नाही. मलावीत मका व सोयाबीनच्या पिठाची ती पेज शिजवतात गावातल्याच आया, आज्या व इतर गावकरी. हे हजारो स्वयंसेवक पाळीपाळीने पहाटे उठून चूल पेटवतात आणि त्याचे वेतन घेत नाहीत. देणगी परदेशातून येते, पण पहाटेची चूल ज्यांची मुले त्या शाळेत शिकतात अशा माणसांच्या हाती असते. वढूच्या गृहमाता आणि मलावीच्या या आया एकाच वर्गातल्या म्हणाव्या लागतील.

सातपूरच्या वाचकांसाठी

आता मूळ विचारणेकडे वळू. रात्री दारात आलेल्या स्त्रीला थेट वढूला पाठवणे शक्य नाही व आवश्यकही नाही. महिला साहाय्यासाठी १८१, पोलीस व तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. शासनाच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटर योजनेत (ही २०१५ पासून सुरू आहे) वैद्यकीय, कायदेशीर व पोलीस मदत एका ठिकाणी मिळते आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळू शकतो. त्यापुढील मुक्कामासाठी शासकीय व स्वयंसेवी आश्रयगृहे असतात. ‘माहेर’सारख्या संस्थेची गरज तेथून सुरू होते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. शेजाऱ्यांनी त्यातले कलम ४ अवश्य लक्षात ठेवावे. हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे वाटल्यास कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘साक्षीला खेटे घालावे लागतील’ या भीतीने गप्प बसणाऱ्यांना याची माहिती नसते. कलम ६ प्रमाणे पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला निवारा द्यावयाचा असतो. कलम १७ तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देते, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यास माहिती नोंदवून घ्यावी लागते.

मुलांविषयी एक सावधगिरी. आईसोबत आलेल्या मुलाला आईसोबतच ठेवावे. एकटे, हरवलेले किंवा टाकलेले मूल आढळले तर मात्र दयेपोटीही ते परस्पर घरी ठेवून घेऊ नये अथवा कोणास देऊ नये. चोवीस तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बालकल्याण समितीस कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

धर्मग्रामातील ज्या गटांना या कामात हातभार लावायचा असेल त्यांनी एक साधी यादी करून पाहावी : आपल्या वस्तीत कोणाचे दार रात्री वाजवता येईल, कोणाकडे वाहन आहे, पोलीस ठाण्यात सोबत कोण येईल, आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्याच्या जागी कोण. नावे चार असली तरी चालतील. ज्या स्त्रीला आपण आधार दिला तिचे नाव व पत्ता त्या यादीत लिहू नये, आणि तिला कोठे पोचवले हे तिच्या घरच्यांनाच काय, स्वतःच्या घरच्यांनाही सांगू नये. वढूला भेट द्यावयाची असल्यास अगोदर संस्थेशी बोलून वेळ ठरवावी. शाळेच्या दिवशी मुले सायंकाळीच भेटतात.