दाटलेला वर्ग आणि मद्रासचे दोन तोडगे

वर्गात मुले फार आणि शिक्षक थोडे, ही तक्रार आपल्या काळाचीच आहे असे आपण समजतो. ती निदान सव्वादोनशे वर्षांची आहे. तिच्यावर निघालेल्या उपायांचा इतिहास पाहू लागले की एका गावाचे नाव पुनःपुन्हा पुढे येते, आणि ते लंडनचे किंवा न्यूयॉर्कचे नव्हे, तर मद्रासचे. दोन वेळा मद्रासने या दुखण्यावर तोडगा काढला. पहिला अर्ध्या जगात पसरला आणि दुसरा वर्षभरातच गुंडाळावा लागला.

पहिल्याचा कर्ता अँड्र्यू बेल. हा स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथला. 1787 साली तो हिंदुस्थानात आला व 1789 मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातील मुलग्यांच्या अनाथालयाचा अधीक्षक झाला. गोऱ्या शिपायांची पोरकी मुले तेथे ठेवीत. त्यांतील कित्येकांच्या माता या देशातल्या होत्या. बेलची अडचण अशी की हाताखालचे शिक्षक त्याचे ऐकत नसत. एकदा एका देशी शाळेवरून जाताना त्याला लहान मुले जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत बसलेली दिसली. तीच रीत आपल्या शाळेत चालवावी असे त्याला वाटले, पण शिक्षकांनी मनावर घेतले नाही. तेव्हा त्याने वरच्या वर्गातील जॉन फ्रिस्केन या जेमतेम आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. पगारी शिक्षकाला जे जमले नव्हते ते या पोराने करून दाखविले. त्यानंतर बेलने सगळी शाळाच या पायावर उभी केली. 1796 मध्ये तो मायदेशी परतला आणि पुढल्या वर्षी या प्रयोगाची हकीकत त्याने लंडनमध्ये छापली. इंग्लंडात ही रीत 'मद्रास पद्धती' म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

आता, यात आपल्याला नवल वाटण्याजोगे काय आहे? धूळपाटी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांची अक्षरे घोटून घेत आणि पावकी-निमकी एका सुरात म्हणवीत. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी 1623 साली कर्नाटकातून जात असता त्याला एका देवळाच्या ओसरीत मुले वाळूवर आकडे लिहीत, ते गात, गुरूवाचून एकमेकांना शिकवीत असलेली दिसली होती. बेलच्या आधी दीडशेहून अधिक वर्षांची ही नोंद आहे.

फरक कोठे पडला, तो पाहण्यासारखा आहे. ओसरीतली मुले चार-दोन होती आणि धूळपाटी हे त्यांचे साधन होते. लंडनमध्ये गेल्यावर तिचे यंत्र बनले. जोसेफ लँकेस्टर या तरुण क्वेकर शिक्षकाने 1798 च्या सुमारास लंडनच्या सदर्क भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुले इतकी लोटली की शिक्षक ठेवणे त्याला परवडेना. मग बेलशी मिळतीजुळती रीत त्याने अवलंबिली. एक प्रचंड दालन, एक शिक्षक आणि दर दहाबारा मुलांवर एक मोठा मुलगा, असा त्याचा सरंजाम होता. पुस्तके महाग म्हणून छापलेले तक्ते भिंतीला टांगायचे आणि मुलांनी अर्धवर्तुळात उभे राहून ते वाचायचे. काही वर्षांतच एका शिक्षकाच्या देखरेखीखाली हजारापर्यंत मुले शिकत असल्याचा त्याने गवगवा केला. राजा, उमराव, धर्मगुरू हे दृश्य पाहावयास येत. खर्च एका मुलामागे वर्षाला अवघे काही शिलिंग! लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होता; पण अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे किंवा त्याला टोपलीत घालून छताला टांगणे या शिक्षांचे त्याला वावडे नव्हते. हजार मुले एकट्याने धाकात ठेवायची तर असे काही तरी सुचतेच.

आणि मग हीच पद्धती हिंदुस्थानात परत आली. 1822 साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने देशी शाळांतील दोष शोधले. पुस्तके नाहीत, चांगली पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत, पैसा नाही, असे तिला आढळले. पद्धतीच्या बाबतीत तिने शिफारस केली ती लँकेस्टरच्या रीतीची. आपल्याच अंगणातली धूळपाटी विलायतेहून शिक्कामोर्तब होऊन आली, तेव्हा ती सुधारणा ठरली.

इंग्लंडात मात्र तिचा मोह ओसरला. शिकविणारा मुलगा स्वतःच जेमतेम शिकलेला. जेवढे त्याला पाठ, तेवढेच तो पुढे देणार. 1846 मध्ये के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने तेथे वेतन घेऊन पाच वर्षे उमेदवारी करणाऱ्या शिकाऊ शिक्षकांची योजना आली आणि जुन्या यंत्राला उतरती कळा लागली. बेलला 1832 साली वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. लँकेस्टर 1838 मध्ये न्यूयॉर्कला एका घोडागाडीच्या अपघातात गेला.

दुसरा तोडगा 1953 चा. राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ठरविले होते. मुले होती, इमारती, शिक्षक आणि पैसा यांचा मेळ बसत नव्हता. मद्रासचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या जूनपासून ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना सुरू केली. शाळेचे पाच तास तीनवर आणावेत आणि दिवसाच्या दोन पाळ्या कराव्यात. त्याच खोलीत, त्याच शिक्षकाकडे, दुप्पट मुले! उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकावा. घरी धंदा नसेल तर गावातल्या दुसऱ्या कारागिराजवळ बसावे.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या हिशेबाची भुरळ पडते, हे कबूल केले पाहिजे. नवी वीट नको, नवा पगार नको, आणि पटसंख्या वाढलेली. टिपणी लिहावी तर अशा प्रस्तावावर! राजाजींचा हेतूही हलका नव्हता. हाताच्या कामाविषयी त्यांचा आदर गांधीजींच्या नयी तालीमशी नाते सांगणारा होता. पण कागदावर जे 'बापाचा धंदा' होते, ते गावात पोचेपर्यंत 'बापाची जात' झाले. न्हाव्याच्या मुलाने कोठे बसायचे आणि चांभाराच्या मुलाने कोठे, हे कोणाला सांगावे लागले नाही. शिवाय योजना खेड्यांपुरती. शहरातल्या मुलांचे पाच तास शाबूत. पेरियार रामस्वामी आणि द्रविड मुन्नेत्र कळघम यांनी तिला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, हे नाव दिले. योजनेचे अधिकृत नाव आज कोणास आठवत नाही. हे नाव मात्र तमिळनाडूत आजही ऐकू येते. त्या जुलैत निदर्शने, आगगाड्या अडविणे, गोळीबार, सर्व काही झाले. महिनाअखेर विधानसभेत अत्यंत निसटत्या मतांनी योजना स्थगित होऊन तज्ज्ञांकडे गेली.

तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष होते मुंबईकडचे शिक्षणतज्ज्ञ प्रा. परुळेकर. शिक्षण आधी सर्वांपर्यंत पोचवावे, गुणवत्तेचा विचार त्यासाठी थांबवून धरू नये, या मताचे ते पुरस्कर्ते. समितीने नोव्हेंबरमध्ये योजनेच्या बाजूने कौल दिला. तज्ज्ञांचा हिशेब बरोबर होता, आणि तरीही योजना वाचली नाही. 1954 च्या एप्रिलमध्ये कामराज मुख्यमंत्री झाले व मे महिन्यात ती रद्द झाली. कामराज स्वतः लहानपणीच शाळा सोडलेले. त्यांच्या सरकारने खर्चाची बाजू धरली. नव्या शाळा उघडल्या, 1956 पासून दुपारचे जेवण सुरू केले, आणि पुढे गावोगाव परिषदा भरवून लोकांकडून शाळांसाठी इमारती, बाके, पाट्या, गणवेश मिळविले. या परिषदांत कोणी मुलाचे तास मागितले नाहीत. मागितले ते गावाकडून आणि तिजोरीकडून.

पहिल्या तोडग्यात मुलाचा शिक्षक कमी झाला, दुसऱ्यात मुलाचा वेळ. म्हणून पाळीची पद्धत मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. दिल्लीसारख्या शहरात आजही एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरते, आणि ती नसती तर कित्येक मुले रस्त्यावर राहिली असती. पण 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात दोन आकडे जवळजवळ लिहिले आहेत, ते मद्रासची गोष्ट ठाऊक असलेल्याने अवश्य वाचावेत. पहिला, प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. दुसरा, पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन, म्हणजे सरासरी रोज चार तास.