बैलांची सगळी ताकद वखराला का लागत नाही? समजून घ्या निव्वळ बलाचं गणित

परभणीच्या काळ्या रानात बैलजोडी वखर ओढते, तेव्हा ओढ सरळ आडवी नसते. जू बैलांच्या खांद्यावर, वखर जमिनीवर. म्हणून ओढ तिरकी लागते. अशा तिरक्या बलाचे आडवा आणि उभा असे दोन भाग करतात. त्यांनाच घटक म्हणतात.

गणित काय?

समजा, जोडीची ओढ ६०० न्यूटन आणि जमिनीशी कोन ३० अंश.

• आडवा घटक: ६०० × कोसाइन ३०° = सुमारे ५२० न्यूटन. हा वखर पुढे नेतो.
• उभा घटक: ६०० × साइन ३०° = ३०० न्यूटन. हा वखर वर उचलू पाहतो.

मातीचा विरोध ४८० न्यूटन असेल, तर आडव्या दिशेतलं निव्वळ बल ५२० − ४८० = ४० न्यूटन, म्हणजे वेग वाढतो. विरोध ५२० झाला की निव्वळ बल शून्य. वखर थांबत नाही, आहे त्याच वेगाने चालतो.

कोन बदलला तर?

कोन २० अंश केला, तर तेवढ्याच ५२० न्यूटनसाठी सुमारे ५५३ न्यूटन ओढ पुरते. बैलांचे कष्ट वाचतात. उचलही ३०० वरून सुमारे १८९ न्यूटनवर येते. पण उचल फार घटली की पास खोल घुसते आणि विरोध वाढतो. उलट पास वर येत असेल, तर शेतकरी वखरावर दगड ठेवतात.

परभणीत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या, आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावर संशोधन झालं आहे. अवजार बैलांना किती जड जातं, हे ठरवताना आडवा घटक विचारात घेतला जातो.