जुन्या मोटारींतील इंजिन तेलगळतीचे निदान

इंजिन तेलगळतीचे निदान म्हणजे मोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणारे वंगणतेल कोणत्या सांध्यातून किंवा सीलमधून आणि कोणत्या कारणाने पडते, हे दुरुस्तीपूर्वी निश्चित करण्याची प्रक्रिया होय. जुन्या मोटारींत, विशेषतः जुन्या स्पोर्ट्स मोटारींत, या प्रक्रियेला मोठे महत्त्व आहे. तेल जेथे टपकते तेथूनच ते गळत असते असे नाही. वरच्या सांध्यातून निघालेले तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि वाऱ्याच्या झोताने मागे सरकते व तिसऱ्याच ठिकाणी थेंब धरते. निदान चुकल्यास, जेथे एक गॅस्केट बदलून भागले असते तेथे गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च पदरी पडतो आणि गळतीही तशीच राहते. रायगड जिल्ह्यातील बोरघाट आणि नेरळ–माथेरान रस्ता यांसारख्या तीव्र चढ-उतारांवर गळतीची लक्षणे अधिक ठळकपणे दिसतात.

पार्श्वभूमी

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील तेल पंपाद्वारे जाळीतून ओढले जाते आणि फिल्टरमधून क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोहोचते. तेथून ते आपल्या वजनाने पुन्हा चेंबरमध्ये उतरते. त्यामुळे गळतीचे दोन प्रकार संभवतात. फिल्टरची बैठक, तेलदाबाचा स्विच व तेलाच्या नळ्या ही दाबाखालील ठिकाणे होत. येथील गळती इंजिन चालू असतानाच वाढते आणि थोड्या वेळात चेंबर रिकामे करू शकते. टॅपेट कव्हर, चेंबरचे गॅस्केट व ड्रेन बोल्ट ही दाब नसलेली ठिकाणे होत. येथील गळती संथ असून गाडी उभी असतानाही चालू राहते.

जुन्या इंजिनांत बुचाची (कॉर्कची) व कागदी गॅस्केटे वापरली जात. ती कालांतराने आकसतात. रबरी सील कडक होतात आणि त्यांच्या सततच्या घर्षणाने शाफ्टवर चर पडते. वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर निघणाऱ्या गाड्यांत सील कोरडे पडण्याचा संभव अधिक असतो.

भारतीय रस्त्यांवरील जुन्या गाड्यांत मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी, मद्रासमध्ये १९६१ पासून तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड, तसेच आयात केलेल्या एमजी, ट्रायम्फ आदी स्पोर्ट्स मोटारींचा समावेश होतो. ब्रिटनमधील ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार हेराल्डच्याच आखूड केलेल्या सांगाड्यावर उभारली गेली होती.

गळती आणि ज्वलन

तेल कमी होणे म्हणजे गळतीच असे नव्हे. तेल सिलिंडरमध्ये शिरून जळतही असते व त्या वेळी धुरांड्यातून निळसर धूर निघतो. हा भेद ओळखण्यास घाटरस्ता उपयोगी पडतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये ठेवल्यास इनलेट मॅनिफोल्डमध्ये मोठी निर्वात निर्माण होते. झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून तेल आत ओढले जाते आणि उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा लोट निघतो. याउलट खोपोलीहून वर चढताना, इंजिनावर भार असताना सतत निळा धूर येत असल्यास पिस्टन रिंगांची झीज संभवते.

रिंगा झिजल्या की ज्वलनातील वायू क्रँककेसमध्ये उतरतात व तेथील दाब वाढतो. ब्रीदर नळी तुंबल्यासही हेच घडते. वाढलेला दाब सर्व सांध्यांतून तेल बाहेर ढकलतो. म्हणून एकाच वेळी अनेक ठिकाणी गळती दिसल्यास सील बदलण्यापूर्वी ब्रीदर तपासतात. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढून तेथे कागद धरल्यास, तो जोराने उडणे हे अतिरिक्त दाबाचे लक्षण मानले जाते. नंतर सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजतात. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून थोडे तेल घातल्यावर आकडा वाढला, तर दोष रिंगांत असण्याची शक्यता अधिक असते. तो न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा हेड गॅस्केट तपासावे लागते.

निदानाची पद्धत

१. द्रवाची ओळख : गाडीखाली रात्रभर कोरा पुठ्ठा पसरून डागांची जागा व रंग पाहतात. इंजिनतेल तपकिरी ते काळे असते. गिअर तेल दाट असून त्याला बहुधा गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक द्रव पातळ असतो व रंग उडवतो. शीतक पाण्यासारखे व बहुधा रंगीत असते.

२. पातळीची तपासणी : सपाट जागेवर डिपस्टिकने पातळी पाहतात. प्रमाणाबाहेर भरलेले तेलही गळतीस कारण ठरते. पोर्श ९११ सारख्या, तेलाची टाकी वेगळी असलेल्या गाडीत इंजिन तापवून व चालू ठेवून पातळी पाहावी लागते. थंड इंजिनावरील पातळी फसवी असून तिच्यावरून तेल वाढवल्यास प्रमाण बिघडते.

३. स्वच्छता : जुन्या तेलकट थरावर नवी गळती ओळखता येत नाही. इंजिन थंड असताना ते पूर्ण धुऊन कोरडे करतात.

४. खूण : संशयित सांध्यांवर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर शिंपडतात. तेल फुटताच पावडरीत काळी रेघ उमटते. तेलात मिसळण्याचे प्रतिदीप्त रंगद्रव्य व अतिनील दिवा यांचाही उपयोग होतो.

५. क्रमाने निरीक्षण : प्रथम इंजिन उभ्या गाडीत चालवून, नंतर थोडे अंतर जाऊन पाहणी करतात. ओल्या भागातील सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे ठिकाण हे उगमस्थान असण्याचा संभव अधिक असतो. शोध तेथून सुरू करून खाली येतात.

गळतीची तीव्रता मोजणेही उपयुक्त असते. एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटर धरल्यास, दर मिनिटाला एक थेंब याप्रमाणे चोवीस तासांत सुमारे ७२ मिलिलिटर तेल पडते.

मागील सीलचा प्रश्न

क्लच हाउसिंगच्या तळाशी तेल दिसले की क्रँकशाफ्टचे मागील सील गेले असा निष्कर्ष अनेकदा घाईने काढला जातो. ते सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स किंवा पूर्ण इंजिन उतरवावे लागते. परंतु टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून त्याच जागी येते. म्हणून आधी ब्लॉकची मागची बाजू वरपासून तपासणे आवश्यक असते. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आलेले तेलही तेथेच पडते. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच तेल वापरत असल्याने तेथे वासावरून भेद करता येत नाही. मात्र गिअरबॉक्समधील तेल ज्वलनाच्या काजळीने काळे पडत नाही.

काही जुन्या ब्रिटिश इंजिनांत, उदा. ट्रायम्फ टीआर२ ते टीआर४ आणि १९६२ ते १९६४ मधील सुरुवातीच्या एमजीबी यांत, मागील बाजूस ओठाचे रबरी सील नव्हते. त्याऐवजी शाफ्टवर मळसूत्री चर कोरलेली असे. शाफ्ट फिरत असताना ही चर तेल आत परतवते, थांबल्यावर मात्र तिचा उपयोग होत नाही. अशा गाडीत काही थेंब पडणे ही रचनेची मर्यादा असून प्रत्येक वेळी तो बिघाड नसतो.

बोरघाट व माथेरान घाट

खोपोली ते खंडाळा यांदरम्यानच्या बोरघाटातून वाहतुकीयोग्य रस्ता १८३० मध्ये खुला झाला. खोपोली घाटाच्या पायथ्याशी असून वरचे लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. लोहमार्गावर याच चढणीसाठी कर्जत येथे गाड्यांना जादा इंजिने जोडतात. मोटारीला हा चढ खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने चढावा लागतो. तापमान वाढून तेल पातळ होते व सपाट रस्त्यावर न दिसणारी गळती प्रकट होते. शिवाय गाडीचे नाक वर असल्याने चेंबरमधील तेल मागे साचते आणि मागील सीलवरील ओझे वाढते.

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाऊ शकतात व तेथेच उभ्या कराव्या लागतात. मळसूत्री चर असलेली गाडी चढणीकडे तोंड करून ठेवल्यास मागून अधिक तेल टपकते. अशा वेळी सपाट जागी पुन्हा तपासणी केल्याशिवाय सीलबाबत निष्कर्ष काढत नाहीत.

घाटातील गळती केवळ मालकाच्या खर्चाची बाब नसते. तप्त एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडणारे तेल पेट घेऊ शकते. तेलाचा दाब गेल्यास बेअरिंग जळून इंजिन अडकते. पावसाळ्यात ओल्या वळणावर सांडलेले तेल दुचाकीस्वारांस घातक ठरते. चढताना तेलदाबाचा काटा घसरला किंवा दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन त्वरित बंद करणे हाच योग्य उपाय होय.

दुरुस्ती

टॅपेट कव्हर व चेंबर पातळ पत्र्याचे असल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्याने कडा वाकते व गळती वाढते. म्हणून नवे गॅस्केट बसवण्यापूर्वी कडा सपाट करून बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतात. ड्रेन बोल्टचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घालणे श्रेयस्कर असते. सिलिकॉनचा लेप जास्त लावल्यास त्याचे तुकडे सुटून तेलपंपाची जाळी तुंबू शकते. शाफ्टवर चर पडली असल्यास सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवतात किंवा शाफ्टवर पातळ धातूची बाही चढवतात. निर्मात्याने सुचविलेल्यापेक्षा पातळ तेल वापरल्यास गळती वाढते.

सुरक्षितता आणि पर्यावरण

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. चाकांना अडण लावून गाडी भक्कम स्टँडवर टेकवतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलने सफाई करीत नाहीत.

वापरलेले तेल भारतात २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येते व ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकाकडे देणे अपेक्षित आहे. कर्जतजवळून उल्हास आणि खोपोली–खालापूर भागातून पाताळगंगा वाहते. मुसळधार पावसात रस्त्यावरील तेल ओढ्यानाल्यांवाटे या नद्यांत पोहोचते.