इंडिया पेल एल : रुचीचा निवाडा आणि इतिहासाचा पुरावा

पदार्थाची चव हा इतिहासाचा पुरावा ठरू शकतो काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे सहसा उभा राहत नाही. चव टिकत नाही. टिकतात त्या तिच्याविषयीच्या नोंदी. तथापि 'इंडिया पेल एल' या कडवट इंग्रजी बीअरच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तिचा प्रचलित इतिहास पुष्कळ अंशी आजच्या चवीवरून मागे अनुमान करीत रचला गेला आहे.

ही प्रचलित कथा सर्वश्रुत आहे. लंडनजवळील बो येथील मद्यकार जॉर्ज हॉजसन याने हिंदुस्थानच्या दीर्घ सागरी प्रवासात बीअर आंबून जाऊ नये म्हणून तीत मद्यार्काचे व हॉपचे प्रमाण मुद्दाम वाढविले आणि त्यातून एक नवा, जहाल प्रकार जन्मास आला, असे सांगितले जाते. आज पुण्यामुंबईच्या लहान मद्यनिर्मितिगृहांत या नावाची बीअर मिळते. तिचा पेला नाकाशी नेताच संत्र्या-पपनसासारखा गंध येतो, घोट घेताच कडवटपणा जिभेच्या मुळाशी रेंगाळतो, आणि मग ही कथा सहज पटते. परंतु पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

बोचे मद्यनिर्मितिगृह १७५२ साली स्थापन झाले. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे नांगरून राहत ते ब्लॅकवॉल तेथून जवळच होते. कंपनीच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची सवलत असे, आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देई. त्याच्या यशाचे मर्म नव्या पाककृतीत नसून या शेजारात व उधारीत होते, असे ब्रिटिश बीअर-इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांच्या संशोधनावरून मानावे लागते. हॉपच्या फुलांतील राळ उकळल्यावर बीअरला कडवटपणा देते व तिला आंबट करणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखते. हे कार्यकारण तेव्हा कोणास ठाऊक नसले, तरी उष्ण प्रदेशांकडे जाणाऱ्या बीअरमध्ये हॉप अधिक घालावा, हा सल्ला १७६० च्या दशकातही प्रचलित होता. शिवाय पोर्टर ही काळी बीअरही त्याच जहाजांतून येत असे व गोऱ्या शिपायांत तिचा खप मोठा होता. म्हणजे नेहमीची बीअर हा प्रवास सोसूच शकत नव्हती, हे कथेचे गृहीतच डळमळते. एकोणिसाव्या शतकातील पेल एलमध्ये मद्यार्क साधारणतः शेकडा ६ ते ७ असे. त्या काळच्या इंग्लंडात हे प्रमाण विशेष जहाल नव्हते. १७८४ च्या सुमारास कलकत्त्याच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत तर पेल एलचा गुण म्हणून तिचा हलकेपणाच सांगितलेला आढळतो.

मग या बीअरचा निवाडा कोणी व कशावरून केला? १८२० च्या दशकारंभी हॉजसनच्या वारसांनी उधारी आखडली, दर चढविले व स्वतःच माल पाठविण्यास आरंभ केला. त्यामुळे कप्तान व व्यापारी दोघेही दुखावले. १८२२ मध्ये कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्चबँक्स यांनी बर्टनचे मद्यकार सॅम्युअल ऑलसॉप यांस या बाजारात उतरण्याचे सुचविले. रशियाच्या नव्या जकातीमुळे ऑलसॉपचा तिकडील व्यापार नुकताच बुडाला होता. त्यांच्या जॉब गुडहेड नामक माल्टकाराने पहिला मासला चहाच्या किटलीत उकळला, अशी आख्यायिका आहे. ती गोड आहे, यापलीकडे तिच्याविषयी न बोलणे बरे. बर्टनच्या भूजलात जिप्सम विपुल असल्याने हॉपचा कडवटपणा तेथे अधिक स्वच्छ व टोकदार उतरे, हे मात्र खरे.

कलकत्त्यातील एका पत्रलेखकाने ऑलसॉपला कळविले की, एकाच दिवशी जाहीर लिलावात त्यांच्या पिंपास १३६ रुपये आले, तर हॉजसनच्या पिंपास अवघे ८०. हा पुरावा मोहात पाडणारा आहे. पण दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक तर हे पत्र आपणांस १८५३ सालच्या बुशनन यांच्या पुस्तकातून मिळते, आणि ते पुस्तक बर्टनच्या, विशेषतः ऑलसॉपच्या, बाजूचे आहे. दुसरे असे की, या बाजारात जवळजवळ सारे नावावर चालते, असे तोच पत्रलेखक म्हणतो. तेव्हा लिलावाची बोली ही केवळ जिभेची साक्ष मानता येत नाही.

बुशनन यांच्या पुस्तकामागे आणखी एक प्रकरण होते. १८५२ मध्ये इंग्रजी बीअरचा कडवटपणा स्ट्रिक्नीन या विषामुळे येतो, अशी वार्ता पॅरिसहून पसरली. ऑलसॉप यांनी थॉमस ग्रॅहम व ऑगस्ट हॉफमन या रसायनज्ञांकडून तपासणी करविली. विषाचा अंशही सापडला नाही. जो कडवटपणा हिंदुस्थानातील गोऱ्या ग्राहकास हवाहवासा वाटे, त्याच्या निर्दोषतेचा दाखला प्रयोगशाळेतून आणावा लागला, ही गोष्ट मला लिलावाच्या आकड्यांहून अधिक बोलकी वाटते.

आजचा निवाडा अगदी निराळ्या पद्धतीने होतो. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीअर-परीक्षक प्रमाणन कार्यक्रमाच्या पत्रकात एकूण ५० गुण असतात : गंधास १२, रूपास ३, चवीस २०, मुखस्पर्शास ५ व समग्र परिणामास १०. 'डबल आयपीए' हा जहाल प्रकार कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्ये प्रथम तयार केला, असे सामान्यतः मानले जाते. २०२१ च्या निकषांनुसार त्यात मद्यार्क शेकडा ७.५ ते १० व कडवटपणा ६० ते १०० एकके अपेक्षित आहे. ही एकके प्रयोगशाळेत प्रकाशशोषणावरून काढतात. माल्टची गोडी अधिक असेल, तर तोच आकडा जिभेला सौम्य लागतो. म्हणून जाणता परीक्षक आकड्यावर विसंबत नाही. गंध उडून जाण्यापूर्वी तो प्रथम वास घेतो, आणि हॉपचा ताजेपणा शोधतो.

नेमके येथेच दोन काळांचे नाते तुटते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी पिंप मुंबईस वा कलकत्त्यास पोहोचे. पिंपात सुका हॉप घातलेला असला, तरी एवढ्या काळात त्याचा सुगंध बराच ओसरे व बीअर मुरत जाई. कोपनहेगन येथील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये दाखविले की, मुरलेल्या इंग्रजी बीअरचा खास स्वाद ब्रेटॅनोमायसिस नामक किण्वामुळे येतो. कमावलेल्या चामड्याची आठवण देणारा हा गंध आजच्या परीक्षकास आयपीएत आढळला, तर तो दोष म्हणून गुण कापील. आणि ज्या पपनसगंधावरून आपण जुन्या कथेवर विश्वास ठेवतो, तो १९७२ मध्ये प्रसृत झालेल्या कॅस्केडसारख्या अमेरिकन हॉपजातींचा आहे. हॉजसनच्या पिंपात तो शोधणे व्यर्थ होय.

नावाचाही असाच घोटाळा झाला आहे. हिंदुस्थानकडे निघालेले जहाज १८२७ च्या सुमारास फुटले, वाचलेली पिंपे लिव्हरपूल येथे विकली गेली आणि इंग्लंडला या बीअरची गोडी लागली, असे मॉलिन्यू यांनी १८६९ मध्ये लिहिले. कथेशी जोडले जाणारे 'क्रुसेडर' हे जहाज मात्र १८३९ साली फुटले. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव १८२९ मध्ये सिडनीच्या, तर 'इंडिया पेल एल' हे १८३५ मध्ये लिव्हरपूलच्या वृत्तपत्रात दिसते. म्हणजे वस्तू आधी अर्धशतकभर येत होती. नाव मागाहून आले. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने 'पेल एल' या शब्दाचा अर्थ हिंदुस्थानातील वापरासाठी पूर्वी तयार होणारी बीअर, एवढाच दिला आहे. तिच्या जहालपणाचा अथवा हॉपचा तेथे उल्लेखही नाही.