इंधन-घटातील प्लॅटिनमेतर उत्प्रेरक

हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज देणाऱ्या घटात प्लॅटिनमची जागा घेऊ पाहणारे पदार्थ. प्रोटॉन-वाहक पटलाच्या घटात बहुतेक प्लॅटिनम कॅथोडवर खर्ची पडते, कारण ऑक्सिजनचे क्षपण अतिशय मंद असते. पटल आणि घटांमधल्या पट्टिका यांचे कारखानी उत्पादन वाढले की ती स्वस्त होतात. प्लॅटिनमचा भाव मात्र मागणीबरोबर चढतो, आणि त्याचा बहुतांश पुरवठा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून होतो. तरीही पर्यायाचा स्वस्तपणा ठरवायचा तो घटाच्या आयुष्यावरून. धातूचा भाव पाहून तो ठरत नाही.

कोबाल्ट थॅलोसायनीन ऑक्सिजनचे क्षपण करते, हे १९६४ मध्ये संशोधक जासिन्स्की यांनी दाखवले. आज आघाडीवर आहे तो लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक. त्यात कार्बनच्या जाळीत सुटा लोह-अणू सामान्यतः चार नायट्रोजन अणूंनी धरलेला असतो. रक्तातील हीमची घडण अशीच. २०११ मध्ये अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेच्या झेलेनाय यांच्या गटाने पॉलिअ‍ॅनिलीनपासून केलेला असाच, लोह-कोबाल्टयुक्त उत्प्रेरक ७०० तास टिकवला. पण ते ०.४ व्होल्टला; घट किफायतशीर चालतो तो त्याहून बऱ्याच वरच्या विद्युतदाबावर, आणि तिथे हे पदार्थ लवकर झिजतात. शिवाय क्रियाशील जागा विरळ असल्याने थर प्लॅटिनमच्या सुमारे दहापट जाड लागतो. ऑक्सिजन आत पोचायला अडतो, पाणी साचते. सुटलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून पटल पोखरणारे मूलक तयार करते, ते वेगळेच. त्याच शक्तीसाठी घट मोठा करावा लागला, तर वाचलेला पैसा पटलात आणि पट्टिकांत जातो.

मग प्लॅटिनमच कमी का वापरू नये? टोयोटाने २०१४ च्या मिराई मोटारीत प्लॅटिनम-कोबाल्ट मिश्रधातू वापरून तेच केले, आणि जुन्या घटातून धातू परतही मिळतो. आज वाहनांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा आहे. मात्र प्लॅटिनम फार विरळ केले की उरलेल्या प्रत्येक कणाकडे ऑक्सिजन पोचणे अवघड होते, म्हणून या काटकसरीला मर्यादा आहे. प्लॅटिनमेतर पर्यायाच्या बाजूने, बॅलार्ड व निशिनबो या कंपन्यांनी २०१७ मध्ये कॅथोडवर मौल्यवान धातू नसलेला घटसंच जाहीर केला, हा दाखला नेहमी पुढे येतो. पण तो ३० वॅटचा होता, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी अमेरिकी ऊर्जा विभागाचे टिकाऊपणाचे लक्ष्य २५,००० तासांचे आहे. अल्कधर्मी पटलाच्या घटात लोह, निकेल, चांदी अधिक टिकतात. तिथे मात्र हायड्रोजनचे ऑक्सिडीकरण प्लॅटिनमवरसुद्धा मंदावते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट बनते. अडचण कॅथोडवरून बऱ्याच अंशी अ‍ॅनोडकडे सरकते.