छत्तीस गुण जुळले तरी...

पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणजे संसार जुळतोच असं नाही, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. नेटवर्कच्या यंत्रांचंही तसंच असतं. दोन कंपन्या एकच स्टँडर्ड वाचतात, त्यातला शब्द न् शब्द पाळून आपापली उत्पादनं बनवतात, आणि ती एकमेकांना जोडली की दोघांचा अबोला! यावर या क्षेत्रातले लोक गेली चाळीसहून अधिक वर्षं एकच उपाय करत आले आहेत. सगळ्यांना आपापली यंत्रं घेऊन एका छताखाली बसवायचं आणि बोलतं करायचं. या मेळाव्यांबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच. ("तू नक्की काय काम करतेस गं?" असं दर दिवाळीला विचारणाऱ्या समस्त नातेवाइकांनाही थोडंफार उत्तर मिळेल अशी आशा.)

सुरुवात टीसीपीपासून. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं, ते नियम सत्तरच्या दशकाच्या शेवटी अजून ओलेच होते. २७ आणि २८ जानेवारी १९७९ या शनिवार-रविवारी कॅलिफोर्नियात मरिना डेल रे इथल्या एका विद्यापीठीय संस्थेत टीसीपीच्या सहा वेगवेगळ्या आवृत्त्या एकमेकींसमोर उभ्या केल्या गेल्या. सहांच्या जोड्या होतात पंधरा. प्रत्येक जोडी बोलते का ते बघायचं. या प्रकाराला नाव पडलं 'बेक-ऑफ', म्हणजे केक-बिस्किटांची स्पर्धा!

जॉन पोस्टेल यांनी या बेक-ऑफची गुणपद्धत पुढे १९८७ मध्ये आरएफसी १०२५ या टिपणात छापली. ती वाचताना आजही हसू येतं. मुष्टियुद्धासारखे वजनी गट आहेत. स्वतःशीच कनेक्शन जोडता आलं तर १ गुण. एका वेळी अनेकांशी बोलता आलं तर १० गुण. 'कामिकाझे' नावाचं, शक्य तितकी सगळी चिन्हं एकदम लावलेलं विचित्र पॅकेट नीट हाताळलं तर आणखी १०. आणि प्रतिस्पर्ध्याला नियमात राहून आडवं केलंत तर ३०, वाकड्या मार्गाने केलंत तर २०! गंमत बाजूला ठेवली तर यात मोठं शहाणपण आहे. इथे जो पडला तो उठून, दुरुस्त होऊन बाहेर जाणार होता. त्याच टिपणात पोस्टेल आणखी एक गोष्ट सांगतात. त्या काळात अशा चाचणीनंतर प्रोग्राम बदलायचा की नियमच बदलायचे, दोन्हीची शक्यता सारखीच असे. म्हणजे पोथीसुद्धा चुकू शकते, हे मान्य होतं.

नावाचं पुढे काय झालं तेही सांगते. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंटरनेटवरून फोन करण्याच्या एसआयपी प्रोटोकॉलचा पहिला बेक-ऑफ भरला. पण 'बेक-ऑफ' हे नाव पिल्सबरीचं नोंदणीकृत होतं (हो, तीच आपल्या चपातीच्या पिठाची!). त्यामुळे त्या मेळाव्याचं नाव 'सिपिट' झालं. युरोपातल्या एट्सी या दूरसंचार मानक संस्थेचे मेळावे 'प्लगटेस्ट' म्हणून ओळखले जाऊ लागले.

आता येऊ या आपल्या विषयाकडे. पूर्वी फोन कंपनीत प्रत्येक कामासाठी वेगळी पेटी असे. राउटरची वेगळी, फायरवॉलची वेगळी, कॉल जोडणारी वेगळी. ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात तेरा फोन कंपन्यांनी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केलं. सूर असा, की या पेट्या पुरे झाल्या, आता ही कामं साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवू या. हेच नेटवर्क व्हर्च्युअलायझेशन. तुमच्या खिशातल्या फोनने घड्याळ, कॅमेरा आणि कॅल्क्युलेटर गिळला ना, तसंच.

फायदा उघड होता, पण दुखणं वाढलं. पूर्वी पेटीच्या आतलं सगळं एकाच कंपनीचं असे. आता खाली पाया एकाचा, वर काम करणारं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, आणि ते लावणारा-काढणारा मुकादम (हाही सॉफ्टवेअरच) तिसऱ्याचा. समजा दहा सॉफ्टवेअरं, पाच मुकादम आणि पाच पाये आहेत. जोडण्या झाल्या अडीचशे!

पाया तरी सगळ्यांचा सामायिक असावा म्हणून सप्टेंबर २०१४ मध्ये लिनक्स फाउंडेशनने ओपीएनएफव्ही हा मुक्तस्रोत प्रकल्प जाहीर केला. ओपनस्टॅक, ओपनडेलाइट, केव्हीएम अशा आधीच असलेल्या प्रकल्पांची मोट बांधून ती तपासत राहायची, हे त्याचं मुख्य काम. त्याच्या आवृत्त्यांना नद्यांची नावं होती. पहिली आर्नो, दुसरी आपली ब्रह्मपुत्रा! ब्रह्मपुत्रा आली मार्च २०१६ मध्ये, आणि मे महिन्यात अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या केबललॅब्स इथे पहिला 'प्लगफेस्ट' भरला. पुढचे न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, पॅरिसजवळ, ऑरेगनमध्ये. एट्सीनेही २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत माद्रिदजवळ लेगानेस इथे पहिला एनएफव्ही प्लगटेस्ट घेतला. जून २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सोफिया अँतिपोलिसला दोघांचे मेळावे एकत्रच भरले.

"हे सगळं ईमेलवर होत नाही का?" असं कुणी विचारेल. होत नाही, हे मी पाहिलंय. पुण्यात नोकरी करताना एका ग्राहकाकडे दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं जोडायची होती. पिंग जात होतं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं ठप्प. तीन आठवडे ईमेल चालू होत्या. हे म्हणत, "आमचं १५०० बाइटचं पॅकेट स्टँडर्डप्रमाणे आहे." ते म्हणत, "आमचंही स्टँडर्डप्रमाणेच आहे." दोघंही खरं बोलत होते! फक्त मधल्या बोगद्यात प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचं जादा वेष्टन चढत होतं आणि भरलेलं पॅकेट दारात अडकत होतं. अखेर दोन्हीकडचे इंजिनीअर एका टेबलाशी बसले, तेव्हा तासाभरात उलगडा झाला. ईमेलमध्ये 'दोष कुणाचा' हा प्रश्न असतो. शेजारी बसलं की तो 'पॅकेट कुठे मरतंय' असा होतो.

पण शेजारी बसायला माणूस तयार व्हायला हवा ना? आपलं उत्पादन प्रतिस्पर्ध्यांसमोर कोसळणार हे माहीत असून कोण येईल? इथेच या मेळाव्यांचा मला सर्वांत आवडलेला नियम येतो. एट्सीच्या अहवालात चाचण्या किती, यशस्वी किती याचे एकत्रित आकडे असतात. कुणाचं काय पडलं ते मात्र नावानिशी छापत नाहीत. सुरुवातीला मला हे खटकायचं. कोड सगळ्या जगाला उघडा आणि निकाल मात्र झाकलेले? आता वाटतं, ती झाकलेली खोली होती म्हणूनच लोक अर्धवट शिजलेलं घेऊन आले. चव्हाट्यावर परीक्षा असती तर सगळ्यांनी घोटून घोटून पाठ केलेलंच दाखवलं असतं.

मग सगळं जुळलं का? नाही. पाया सामायिक ठरवूनही प्रत्येक फोन कंपनीने आपल्या चवीचा वेगळा पाया रचला. तो पसारा आवरायला २०१९ मध्ये सीएनटीटी नावाचा आणखी एक गट निघाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो आणि ओपीएनएफव्ही मिळून 'अनुकेत' झालं. हे नाव नाईल नदीच्या देवतेचं आहे. नद्यांची परंपरा तेवढी टिकली!

म्हणून हे मेळावे वाया गेले असं मात्र मला वाटत नाही. अडचणीच्या वेळी आपण फोन करतो आणि तो लागतो. त्या क्षणी चार-पाच कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांचं ऐकत असतात. ती ऐकतात, कारण कुठल्यातरी वातानुकूलित हॉलमध्ये, वायरींच्या गुंत्यात बसून दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना म्हणालेले असतात, "थांब, परत एकदा पाठव. आता बघू."

कागद एकदाच जुळतात. माणसांना मात्र दर आवृत्तीला नव्याने बसावं लागतं.