चांद्याचें ख्रिस्तमंदिर आणि कमळावरील क्रूस

मार्कंड्याचें देऊळ पाहावयास गेलेल्या माणसास तेथील मूर्ति कोणी समजावून द्याव्या लागत नाहींत. निदान तसें त्यास वाटतें. हा शंकर, हा गणपति, एवढें ओळखून तो वैनगंगेच्या वाळवंटांत उतरतो. तोच गृहस्थ बल्लारपूर किंवा चंद्रपूर येथील ख्रिस्तमंदिरांत शिरला, कीं बांकें, वेदी आणि क्रूस एवढें पाहून पांच मिनिटांत बाहेर येतो. आमच्या मतें दोन्ही ठिकाणीं त्यानें पाहिलें सारखेंच थोडें. परंतु दुसऱ्या ठिकाणीं दाखविणारा जाणता असला तर बरेंच पाहतां येईल.

या मुलखांत ख्रिस्ती धर्म दोन वाटांनीं आला. पहिली वाट स्कॉटलंडची. तेथील एपिस्कोपल पंथाचें मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांद्यास आलें. काशीस वाढलेले व १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचाही त्या कामाशीं कांहीं काळ संबंध होता. दुसरी वाट केरळची. १९६२ सालीं हें क्षेत्र सीरो-मलबार मंडळीकडे सोंपविण्यांत आलें आणि १९७७ सालीं त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचें मुख्य मंदिर बल्लारपुरास संत थोमा यांच्या नांवें आहे. शहर चंद्रपूर झालें तरी धर्मप्रांत अद्याप ‘चांदा’च म्हणवितो, याची आम्हांस मौज वाटते.

केरळच्या या परंपरेंत मंदिराची मांडणी हाच एक ग्रंथ असतो. सभामंडप म्हणजे पृथ्वी, आणि पायऱ्या चढून जावयाचा गाभारा म्हणजे स्वर्ग. त्या गाभाऱ्यास सुरियानी भाषेंत ‘मद्बहा’ म्हणतात. जेथें जुनी रीत पाळतात तेथें मध्यें पडदा असतो. उपासनेच्या वेळीं तो सरला, कीं स्वर्गाचें दार उघडलें असें समजावयाचें. इमारत कालची, सिमेंटकाँक्रीटची असली तरी हा अर्थ फार जुना आहे.

गाभाऱ्यांत बहुधा मार थोमा क्रूस आढळतो. त्यावर ख्रिस्ताचा देह नसतो, कारण तो पुनरुत्थानाचा क्रूस. खालीं पायऱ्या व कमळ, वर उतरणारें कबूतर, म्हणजे पवित्र आत्मा. हिंदूंस आपलेसें वाटावें म्हणून हें कमळ अलीकडे घातलें, असें कित्येक सुशिक्षित लोक बेधडक सांगतात. तें खोटें आहे. याचा मूळ नमुना मद्रासजवळच्या सेंट थॉमस टेकडीवर पोर्तुगीजांस १५४७ सालीं सांपडला. त्यावर पहलवी भाषेंतील लेख कोरलेला असून तो दगड हजार वर्षांहून जुना मानतात. इराणची लिपि आणि हिंदुस्थानचें कमळ एकाच शिळेवर असतांना कोणाची खुशामत कोणीं केली म्हणावें?

मात्र हा क्रूस सर्वांस मान्य आहे असें समजूं नये. खुद्द केरळांतील कित्येक ख्रिस्ती त्यास ‘पारशी क्रूस’ म्हणून नाक मुरडतात. वेदीचाही वाद तसाच. १९६२ सालींच रोमची व्हॅटिकन परिषद सुरू झाली, आणि तिच्यानंतर पुरोहित लोकांकडे तोंड करून उपासना चालवूं लागले. जुनी सुरियानी रीत वेदीकडे तोंड करण्याची. आरंभ व शेवट लोकांकडे, मधला मुख्य भाग वेदीकडे, अशी तडजोड सर्वत्र लागू करण्याचें २०२१ सालीं धर्मसभेनें ठरविलें, तेव्हां एर्नाकुळमास इतकी रणधुमाळी माजली, कीं २०२२ च्या अखेरीस तेथील मुख्य मंदिर बंद ठेवावें लागलें.

म्हणून बल्लारपुरास जाणाऱ्या वाचकांनीं दाखविणारास, येथें पुरोहित कोणीकडे तोंड करून उभा राहतो, हें अवश्य विचारावें. आणि वेदी भिंतीस टेकलेली आहे, कीं मागें माणूस उभा राहील इतकी पुढें आणलेली, हेंही नीट पाहून यावें.